चार झेंड्यांचा कप

बर्लिन, रविवार

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. मागच्या पत्रात तू विचारलंस, ‘लढाईची चित्रं असलेली ती जर्मन भांडी कशाला गोळा करतोस?’ या आठवड्यात इथल्या जुन्या बाजारात एक कप मिळाला, त्याच्यामुळे आता नीट सांगता येईल.

पांढरीशुभ्र चिनी माती, ओकच्या पानांची माळ, मधोमध लोखंडी क्रॉस, म्हणजे जर्मनांचं शौर्यपदक, आणि त्यावर १९१४. पण या आकड्यावर विसंबायचं नाही. ते पहिलं महायुद्ध सुरू झाल्याचं वर्ष, पुढेही तेच छापत राहिले. खरा काळ कळतो झेंड्यांवरून, कारण जर्मनीच्या बाजूनं कोण कधी लढाईत उतरलं ते त्यातून दिसतं. तुर्कांचा चांद-तारा असला तर कप १९१४ च्या अखेरीच्या आधीचा नसतो. बल्गेरियाचा पांढरा-हिरवा-लाल असला तर ऑक्टोबर १९१५ च्या आधीचा नाही. माझ्या कपावर जर्मनी आणि ऑस्ट्रियाशेजारी हे दोन्ही आहेत.

भिंगातून पाहिलं तर रंगांचे बारीक ठिपके दिसतात, म्हणजे चित्र छापाचं. त्याचं मला काही वाटत नाही. किनारीचं सोनं मात्र मी पुन्हा पुन्हा बघतो. उजव्या हातानं कान धरला की ओठ जिथे टेकतात, तेवढ्याच जागी ते पार झिजलंय. कपाटात मिरवायला ठेवलेला कप नव्हे हा, कुणीतरी रोज त्यातून प्यायलंय. काय प्यायलं असेल? इंग्रजांनी समुद्र अडवलेला, १९१६ ला बटाटा बुडालेला. त्या हिवाळ्यात लोक गुरांना घालायच्या सलगमांवर जगले. कॉफी म्हणजे भाजलेलं जव आणि चिकोरी. आणि कपावर चार राष्ट्रांचे झेंडे, सोन्यासकट.

बाळ्या, त्यातल्या चांद-ताऱ्यावर बोट ठेवलं आणि तुझे पणजोबा आठवले. पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर, अन्न संपलं म्हणून, इंग्रजांच्या हिंदी फौजेतल्या सहाव्या पुणे डिव्हिजननं २९ एप्रिल १९१६ ला आताच्या इराकमधल्या कूतला तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली. ते त्यात होते, आणि जिवंत परतले. त्याच वर्षी इकडे या कपाचा मालकही अर्धपोटीच झोपत असणार. त्याला मी शत्रू म्हणू शकत नाही. तुझ्या पणजोबांना म्हणता आलं असतं, तो हक्क त्यांचा.

तुमच्या देव्हाऱ्यातल्या डब्यात त्यांचं पदक आहे ना? त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. उजेडात धरून फोटो काढ आणि पाठव. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
दादू