रुमालातला दुसरा कागद

वाई, २ डिसेंबर

प्रिय बाळ्या,

दोन वर्षं पत्र नाही, आणि तुझे दोन फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. शिव्या घालायच्या त्या आधी घालून घे, मग पुढं वाच. तब्येत बरी आहे. रक्तदाबाची गोळी एकाची दीड झाली. हिचं पित्त तुझ्या ओळखीचंच, ते आहे तिथंच आहे.

मोबाइल हातात असताना हा कागद का काळा करतोय म्हणशील. फोनवर तू मध्येच हसला असतास आणि माझं पुढचं बोलणं राहून गेलं असतं. पत्रात तू हसलास तरी मला ऐकू येत नाही.

पानपतचं पत्र. आता हस.

सर गेल्यावर आपल्या इतिहास मंडळाचं चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं हे तुला ठाऊक आहे. वर्षाचं रहाटगाडगं सर लावून गेले तेच चालू आहे. माघ-फाल्गुनात कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर आपलं टेबल. लोक प्रसादाच्या रांगेतून नाणी बघतात आणि विचारतात, यातलं एखादं विकायचं आहे का? १८ एप्रिलला वारसा दिन, म्हणून शाळेची पोरं घेऊन मेणवली. मी घसा फोडून सांगतो, ही घंटा चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आली, हे बघा १७०७ साल, ही बघा मेरी; आणि पोरं विचारतात, सिनेमाचं शूटिंग नेमकं कुठल्या पायरीवर झालं? मे महिन्यात मोडीचा वर्ग. पाऊस उघडला की पांडवगड, तिथं गेल्या वर्षी आपल्या खजिनदारांचा बूट तळापासून सुटला आणि परत येताना त्यांनी तो पंचानं बांधला होता. सप्टेंबरात वार्षिक सभा, तीत पाच मिनिटं हिशोब आणि दीड तास चहा पाणचट का यावर चर्चा. धर्मादाय आयुक्तांकडे पदाधिकारी बदलल्याचा चेंज रिपोर्ट अजून अडकलेला आहे, त्यामुळे कागदोपत्री अध्यक्ष अजून सरच. नोव्हेंबरात वारसा सप्ताह, तो परवाच संपला. आणि मग १४ जानेवारी.

त्या एका दिवसासाठी बाकीचं वर्ष असतं हे तुला सांगायला नको. हॉल भरतो. सरांचं भाषण आता मी करतो, शब्द न शब्द त्यांचे. गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांची लेक, म्हणजे विश्वासराव आपल्या गावाचा भाचा. भाचा पानपतावर पडला, आणि दुसऱ्याच वर्षी, १७६२ साली, रास्त्यांनी ढोल्या गणपती बांधला. राजवाड्यांनी १८९८ साली साधनांचा पहिला खंड काढला तो वाईच्या वाड्यात सापडलेल्या कागदांवर, आणि त्यातही पानपतचाच काळ. इथवर सगळं खरं आहे रे. इथवर बोलताना माझा आवाजसुद्धा चांगला लागतो. मग दिवे मंद करून ते पत्र वाचायचं.

आता मेमधलं सांगतो. यंदा वर्गाला अकरा जण होते. त्यात एक मुलगी, बारावी दिलेली. बोरू धरायची पद्धत बघूनच मला कळलं की ही तुझ्या जातीची आहे: उद्धट आणि बरोबर. शेवटच्या आठवड्यात मी नेहमीप्रमाणे त्या पत्राची झेरॉक्स वाटली. तिनं एकदा वाचलं, मान वर केली आणि म्हणाली, "काका, हे पत्रावळी आहे ना?"

बाळ्या, माझ्या हातातला खडू पडला. खोटं नाही सांगत.

तिनं तुझ्यासारखंच बोट ठेवलं, तिथंच. मोडीत शब्द तोडत नाहीत, आधी आडवी रेघ मारायची आणि खाली अक्षरं लोंबत सोडायची. ओळ संपली की शब्द असेल तिथून मोडायचा. वरच्या ओळीच्या शेवटी "भाऊ पानपत", खालची ओळ सुरू होते "रावळी पाचसे पाठवणे". मी १९८३ साली सरांच्या मोडीच्या वर्गात वाचलं, भाऊ पानपतावर, रावळी म्हणजे राउळात, देवळात, पाचशे पाठवणे. तू वाचलंस, भाऊ, पानपतरावळी पाचशे पाठवणे. सरांचे डोळे माझ्या वाचनानं कसे चमकले ते तुला आठवत असेल. भाऊसाहेबांच्या यशासाठी वाईच्या देवळात पाचशे रुपयांचं अनुष्ठान! तुझ्याकडे बघून ते म्हणाले, "तुला भूक लागलीय, घरी जाऊन जेवून ये." सगळा वर्ग हसला. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. तू दप्तर उचललंस आणि उरलेले चार दिवस आलाच नाहीस. जाताना माझ्या सायकलची हवा सोडलीस. तू आजवर कबूल केलं नाहीस, पण व्हॉल्व्हची नळी तुझ्याच खिशात होती.

पत्रावर साल नव्हतं, नुसतं "छ २ जमादिलाखर", म्हणजे मुसलमानी चांद्र महिन्याची तारीख. सरांनी शकावली, म्हणजे तारखा जुळवायचं कोष्टक, काढली. पानपतच्या साली जमादिलाखर पौषात येतो, लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणजे पत्र पाचेक दिवस आधीचं. शब्दावरून साल ठरवलं आणि मग सालावरून शब्द पक्का केला. आपण सतरा वर्षांचे होतो, आपल्याला काय कळणार. पण सरांना कळायला हवं होतं. त्यांना कळलंही असेल का, हा एक किडा आहे, तो रात्री वळवळतो. मोती गळाले, मोहरा गेल्या, खुर्दा किती गेला गणती नाही, ही पानपतच्या हानीची सांकेतिक ओळ वाचून वाढलेला माणूस. त्यांना वाण्याच्या यादीतही सांकेतिक भाषा दिसायची. पत्रावळीत ती का दिसली नसावी?

आता खरं सांगायचं ते. एवढं लिहूनही ते पुढं ढकलत होतो.

मुलगी म्हणाली, मूळ कागद बघू. कपाटातून रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचं गाठोडं, काढला. (वेखंडाच्या पुरचुंड्या अजून सरांच्या घरच्या काकूच बांधून देतात. त्यामुळे कसर नाही लागली, पण कोपरे गेलेत.) ती एकेक कागद उलटत खाली गेली आणि तळाशी चौघडी घातलेला एक निघाला. तेच अक्षर, तोच जुन्नरी कागद. "द्रोण तीनसे, गूळ, तूप", आणि पुढं, चिरंजीवांची मुंज वैशाखात नेमिली आहे. झालं. पौषात कोण मुंज लावतो? चांद्र महिना फिरत फिरत वैशाखात आला होता ते कुठलं तरी वेगळंच साल. आणि भाऊ म्हणजे घरातला थोरला भाऊ.

तो कागद मी ८३ सालीच बघितला होता.

तू गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी. सर व्हरांड्यात साताऱ्याहून आलेल्या वार्ताहराला तेच पत्र समजावून सांगत होते आणि मधूनच खिडकीतून माझ्याकडे हात करत होते, "हा तो मुलगा." माझ्या हातात तो कागद होता. "द्रोण" मला लागलं. पुढची ओळ मी वाचलीच नाही. चौघडी घातली, रुमालाच्या तळाशी सारला, वर वेखंड ठेवलं. नंतर स्वतःला सांगत राहिलो की मोडी कच्ची होती, द्रोण म्हणजे कदाचित द्रोणागिरी असेल. हसू नकोस. खरंच तसं सांगत होतो.

लेका, तुझ्याशी त्या सायकलीवरून मी वर्षभर बोललो नाही, ते सायकलीवरून नव्हतं.

आता परिस्थिती अशी आहे. मंडळाच्या लेटरहेडवर त्या ओळीचं चित्र आहे. दारावरच्या पाटीवर पानपत आहे. रौप्यमहोत्सवी पुस्तिकेत चार पानं आहेत. मुलगी शहाणी, ती कुठं बोललेली नाही, पण परवा भेटली आणि म्हणाली, "काका, यंदा जानेवारीत पत्र मी वाचू का?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? ती वाचणार ते बरोबरच वाचणार.

आणि पहिल्या रांगेत काकू. नव्वदीला आल्या आहेत, कानानं कमी, पण त्या दिवशी नऊवारी नेसून, तिळगुळाचा डबा घेऊन अर्धा तास आधी येऊन बसतात. आधी त्यांना सांगावं म्हणून तीनदा घरी गेलो. पहिल्यांदा कॉफी पिऊन आलो. दुसऱ्यांदा त्यांच्या गॅसचा रेग्युलेटर बदलून आलो. तिसऱ्यांदा तोंड उघडणार तोच त्यांनी भिंतीवरची फ्रेम काढून माझ्या हातात दिली. पत्राचा सरांनी मढवलेला फोटो, काचेला तडा गेलाय. "तेवढी काच बसवून आण बाबा, चौदा तारखेच्या आत." फ्रेम गेले नऊ दिवस माझ्या पलंगाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली आहे. काचवाल्याकडे न्यायचं धाडस होत नाही, त्याच्याही आजोबांना पत्रावळी म्हणजे काय ते ठाऊक असेल.

ही म्हणते, गप्प बसा, चार-पाच वर्षांचा प्रश्न आहे. म्हणजे काकूंचा. मला ते ऐकून ओरडावंसं वाटलं आणि मग लक्षात आलं की मीही मनात हेच मोजत होतो.

तुला विचारायचंय ते दुसरंच. तुझी ती वर्गातली वही, निळ्या पुठ्ठ्याची, आहे का अजून? तू बडोद्याला गेलास तेव्हा ट्रंकेत टाकताना बघितली होती. त्यात तुझं वाचन असेल, तारखेसकट. मंडळाच्या कागदांच्या सूचीत टीप लिहायची तर बरोबर वाचन पहिल्यांदा कुणी केलं तेही लिहायला हवं. मुलीला मी सांगितलंय की तिच्या आधी एकजण होता. ती म्हणाली, मग त्यांना बोलवा ना. संक्रांतीच्या सुमारास गाडी मिळते का बघ. येणार असशील तर एक दिवस आधी ये, काकूंकडे आपण दोघं जाऊ. तुझ्यावर त्यांचा जीव होता. तुला पुरणपोळी जास्त वाढायच्या, हा माझा अजूनही आक्षेप आहे.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? लेकीला आणि जावयाला आशीर्वाद. वहिनींना सांग, लोणचं संपलं.

तुझा,
(सही ओळखशीलच)

ता. क. काल झोप येईना म्हणून हिशोब करत बसलो. पाचशे पत्रावळी, द्रोण मात्र तीनशेच. दोनशे माणसांना आमटी वाढायची नव्हती की द्रोण घरचे होते? आणि वैशाखात पळसाला नवी पालवी, ती पानं कोवळी, टाचताना फाटतात. मग वडाची असतील का? तुमच्या आजीला विचारायला हवं होतं, ती टाचायची.