बाबा, इथलीही जमीन काळीच आहे

आई, बाबा,

परवा फोन मधेच कट झाला आणि बाबा विचारत होते ते राहूनच गेलं, "तिकडची जमीन कशी आहे रे?" म्हटलं आता निवांत लिहूनच पाठवतो, बाबांचा चष्मा अजून आला नसेल तर ताईला वाचून दाखवायला सांगा.

तर बाबा, काळी आहे. खरंच. अमेरिकेच्या या अलाबामा राज्याच्या मधून एक आडवा पट्टा जातो, त्याला इथे ब्लॅक बेल्टच म्हणतात, आधी मातीच्या रंगावरूनच पडलं ते नाव. आपल्या काळीखाली मुरूम न् पाषाण, इथे चुनखडी, पण पाऊस झाला की बुटाला किलोभर चिकटते ती तशीच. आणि पूर्वी पीक कुठलं, तर कापूस.

शनिवारी बर्मिंगहॅमहून अडीच तास गाडी हाणत जीज बेंडला गेलो. कागदोपत्री बॉयकिन, पण जो तो जीज बेंडच म्हणतो. दोन-तीनशे लोकांची वस्ती, अलाबामा नदी तीन बाजूंनी वळसा घालते आणि आत यायला रस्ता एकच. 1816 ला जोसेफ गी नावाच्या माणसाने गुलाम आणून इथे मळा टाकला, 1845 ला मळा गेला मार्क पेटवेकडे, त्याने तर आपले गुलाम नॉर्थ कॅरोलिनाहून पायी चालवत आणले. आज बघावं तो पेटवे. मला वाटलं आपल्याकडे अर्धं गाव पाटील असतं तशी भाऊबंदकी असेल, तर नाही, ते मालकाचं आडनाव आहे, मालक गेला तरी राहिलेलं.

बाबा, आपल्या खामगावचा धागा इथेच येतो बघा. 1861 ते 65 या अमेरिकेवाल्यांची गुलामीवरून आपसात लढाई, इकडची रुई विलायतेला जायची थांबली, मग साहेबाला वऱ्हाड आठवलं, आणि 1870 ला जलंबहून खामगावला रेल्वे आली ती कापसासाठीच. म्हणजे इकडे माणसं गुलामीतून सुटत होती आणि तिकडे आपल्या कुणा खापरपणजोबाने ज्वारी कमी करून पऱ्हाटी वाढवली असेल. इकडची माणसं सुटली म्हणजे काय तर बटाईने तीच वावरं कसत राहिली. पुढे कापसाचे भाव पडले, नदीपलीकडच्या कॅमडेनचा उधारी देणारा व्यापारी मेला आणि 1932 ला त्याच्या बायकोने वसुलीला माणसं पाठवली. बैल, अवजारं, कणगीतलं धान्य, कोंबड्यासुद्धा नेल्या, साठेक घरांच्या. मला तर वाचताना आपला गोठाच दिसत होता. नंतर सरकारने जमीन घेऊन याच लोकांना हप्त्याने दिली, म्हणून गाव टिकलं.

1962 ला कॅमडेनला जायची फेरी बंद केली, कारण ही काळी माणसं मतदार यादीत नाव लावायला पलीकडे जायला लागली होती. नदी ओलांडायला पंधरा मिनिटं, रस्त्याने तासभर, तेही गाडी असली तर! परत चालू झाली 2006 ला. मी मुद्दाम बसलो तिच्यात.

आता आई, तुझ्यासाठी. इथल्या बायका गोधड्या शिवतात. फाटक्या जीन पँटी, खताच्या पिशव्या, काहीही. मिझूरी पेटवे म्हणून एक बाई होती, तिने 1942 ला मेलेल्या नवऱ्याचे कामाचे कपडे उसवून गोधडी केली, पांघरलं की तो जवळ वाटावा म्हणून. 2002 ला या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या, 2006 ला पोस्टाच्या तिकिटावर आल्या, आता हजारो डॉलरला जातात. एका आजीबाईंनी मला हात लावू दिला. गुडघ्याच्या जागी निळा रंग गडद होता, तिथे ठिगळ होतं ना आधी, म्हणून ऊन लागलं नव्हतं.

तर माळ्यावरच्या पेटीत आजीची ती धोतराची आणि नऊवारीची गोधडी आहे ना, ती भांडेवालीला देऊ नको. गेल्या दिवाळीत तू म्हणालीस दोन पातेली येतील म्हणून. पातेल्यांचे पैसे मी पाठवतो. उन्हात टाकून, डांबरगोळ्या घालून ठेव, मार्चमध्ये आलो की घेऊन जाईन.

बाबा, बोंडअळीचं काय झालं ते कळवा.

तुमचा,
बाळू