कोल्हापुरीचे नाव परदेशी ऑनलाइन बाजारात कोण राखणार?

संपादक महोदय,

जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल मांडली आणि तिच्या मूळ कारागिरांचा साधा उल्लेखही केला नाही, तेव्हा महाराष्ट्रात उसळलेला संताप रास्तच होता. पुढे कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचे ‘लिडकॉम’ व कर्नाटकाचे ‘लिडकर’ या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार करून 2,000 जोड इथेच बनवून घेण्याचे जाहीर केले. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्यानंतर चर्चा थंडावली, आणि कोल्हापुरीचे नाव जिथे रोज फुकटात वापरले जाते तो ऑनलाइन बाजार आहे तसाच राहिला.

कोणत्याही मोठ्या खरेदी संकेतस्थळावर ‘कोल्हापुरी’ हा शब्द टाकून पाहावा. ‘कोल्हापुरी स्टाइल’, ‘एथनिक कोल्हापुरी’ अशा ठळक मथळ्यांखाली कान, पट्टा, वेणी सगळे काही दिसते. मात्र खाली सरकत तपशिलाच्या तक्त्यापर्यंत गेल्यावर ‘साहित्य : सिंथेटिक’ अशी बारीक ओळ सापडते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे, चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण आणि त्यामागचे कित्येक दिवसांचे हातकाम यांचा त्या मालाशी काही संबंध नसतो. कारागिराने समाजमाध्यमावर टाकलेले छायाचित्र परस्पर उचलून भलताच विक्रेता आपल्या मालाखाली लावतो तेव्हा तर कॉपीराइटचाही भंग होतो, पण त्याची तक्रार कुठे आणि कशी करायची हे त्या कारागिराला कोणी सांगितलेले नसते.

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांतील चपलेला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ‘कोल्हापुरी’ हे नाव याच भागात बनलेल्या चपलेचे म्हणून कायद्याने नोंदलेले आहे. मात्र ही नोंदणी भारतापुरतीच चालते. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या करारातच मोठा भेदभाव आहे. वाइन आणि मद्याच्या बाबतीत मालाचे खरे ठिकाण सांगूनही ‘अमुक पद्धतीची’ असे म्हणून दुसऱ्या प्रदेशाचे संरक्षित नाव वापरता येत नाही. इतर मालाच्या बाबतीत मात्र ग्राहकाची दिशाभूल होते हे सिद्ध करावे लागते. म्हणजे युरोपातल्या द्राक्षबागायतदाराला जे संरक्षण आपोआप मिळते, ते आमच्या चर्मकाराला वकील लावून झगडूनही मिळेलच असे नाही. भारतापुरते असे वाढीव संरक्षण एखाद्या मालाला अधिसूचना काढून देण्याचा अधिकार 1999 च्या भौगोलिक मानांकन कायद्याच्या कलम 22 नुसार केंद्र सरकारला आहे. कोल्हापुरीसाठी तो वापरावा, असा आग्रह राज्य सरकारने धरला पाहिजे.

सीमेवरची तपासणीही जुन्या व्यापाराच्या मापाने बेतलेली आहे. बनावट आयात माल अडवण्याचे अधिकार सीमाशुल्क विभागाला 2007 च्या नियमांनी दिले, पण वैयक्तिक वापरासाठी मागवलेली छोटी पार्सले त्यांतून वगळलेली आहेत. पूर्वी नकली माल कंटेनर भरून यायचा आणि बंदरात पकडता यायचा. आता तोच माल एकेका जोडाच्या पुडक्यातून थेट घरी पोहोचू शकतो. संकेतस्थळ चालवणारे ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 चा आधार घेतात, कारण दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून ते कलम मध्यस्थाला सवलत देते. परंतु बेकायदा मजकुराची रीतसर माहिती मिळूनही मध्यस्थ हातावर हात ठेवून बसला तर ती सवलत टिकत नाही. म्हणूनच मानांकनाच्या मालकाने पद्धतशीर नोटिसा पाठवणे महत्त्वाचे ठरते.

आणि हे मालकानेच करायचे आहे. प्राडाविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये फेटाळली ती याच कारणाने, की दाद मागायची तर मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनी मागावी. हे मालक म्हणजे लिडकॉम आणि लिडकर. आपल्यासारख्या सामान्य वाचकांचा संताप कितीही खरा असला तरी न्यायालयात तो उपयोगी पडत नाही.

युरोपीय संघाने 1 डिसेंबर 2025 पासून हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंच्या भौगोलिक नावांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली आहे. संघाबाहेरच्या देशांतील उत्पादकांनाही तिथे अर्ज करता येतो, आणि मायदेशात नाव संरक्षित असणे ही त्यासाठीची अट कोल्हापुरी पूर्ण करते. जिथून हा सगळा वाद सुरू झाला त्या इटलीतही ही नोंदणी लागू होईल. तेव्हा लिडकॉमने लिडकरला सोबत घेऊन हा अर्ज दाखल केला आहे का, केला नसल्यास कधी करणार, आणि आठ जिल्ह्यांतील किती कारागिरांची मानांकनाचे नाव वापरण्याचा हक्क असलेले ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद झाली आहे, याचे उत्तर महामंडळाने आपल्या वृत्तपत्रातून जाहीरपणे द्यावे, अशी माझी विनंती आहे.

– एक वाचक, कोल्हापूर