बाईचं पात्र आहे, पण करते काय?

संपादक महोदय,

हल्ली कथांमध्ये बाईचं पात्र असतंच हो, पण तिचं काम काय तर हिरोला धीर द्यायचा, नाहीतर मरून त्याला सूड घ्यायला कारण द्यायचं. १९८५ साली अमेरिकन व्यंगचित्रकार अ‍ॅलिसन बेक्डेलच्या कॉमिकमध्ये सिनेमांसाठी साधी टेस्ट आली, दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात आणि विषय पुरुष सोडून दुसरा हवा, बस इतकंच, तरी ढीगभर सिनेमे नापास (पास झाला म्हणजे चांगलाच असंही नाही म्हणा). ‘एलियन’ या हॉलिवूड सिनेमाच्या स्क्रिप्टमध्ये तर सगळे रोल स्त्री-पुरुष कुणालाही चालतील असं लिहिलेलं, त्यातूनच १९७९ मध्ये रिप्लीसारखी नायिका मिळाली. आणि ट्रान्स पात्रं बहुतेकदा जोकपुरतीच का, त्यांना साधी नोकरी, आळस, भांडणं काहीच नसतं का?

- एक वाचक