हाय विकमहून पत्र

हाय विकम, इंग्लंड,
15 मार्च

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे ठीक. बाकीचं फोनवर कळतंच. पण लाकूड कातायच्या लेथचा विषय निघाला की आई, तू "बोटं गेली तर?" म्हणतेस आणि पुढचं राहून जातं, म्हणून लिहितोय.

तर आधी बोटं. मी शेजारी असल्याशिवाय मुलं लेथ चालू करत नाहीत. तोंडावर पारदर्शक मुखवटा, केस बांधलेले, बाह्या वर. हातमोजे मुळीच नाहीत, मोजा अडकला तर हात ओढला जातो. धाकट्याच्या हाती अजून पटाशी दिलेलीच नाही. आणि बाबा लुंगीवर बसून पायाच्या अंगठ्याने पटाशी दाबून धरायचे, तेव्हा तू काही बोलायची नाहीस!

इथे गावच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा लाकूड कातणारे जमतात, बहुतेक निवृत्त. एकजण कातून दाखवतो, मग चहा, मग रॅफल, म्हणजे सोडत. पौंडाची चिठ्ठी घ्यायची, आणि बक्षीस काय, तर लाकडाचा ओंडका! ज्यांच्या गॅरेजमध्ये लाकडापायी पाय ठेवायला जागा नाही, तेच हौसेने चार-चार चिठ्ठ्या घेतात. ओंडका आणलेला असतो त्यांच्यातल्याच कुणीतरी, आणि एकदा तर तो त्यालाच लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हॉलचं भाडं काढायचं तर सरळ वर्गणी मागा ना! पण मागायला यांना संकोच वाटतो. गेल्या खेपेला थोरलीला ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचा तुकडा लागला, तिने त्याचा भोवरा केला.

या भागात पूर्वी बीच नावाच्या झाडांच्या रानात बसूनच खुर्च्यांचे पाय कातायचे. लेथची दोरी वर एका लवचिक वाशाला बांधलेली. पायाने फळी दाबली की लाकूड फिरायचं, पाय उचलला की वासा दोरी परत ओढून घ्यायचा. मी मुलांना म्हटलं, सावंतवाडीत माझे आजोबा कातायचे आणि दोरी आजी ओढायची. थोरली म्हणाली, "म्हणजे पणजी वासा होती?" खूप हसलो. बाबा, तुम्ही मागच्या पडवीत कातायला हाक मारायचात आणि मी क्लासचं निमित्त काढायचो, ते मात्र नाही सांगितलं.

लेथ जुना आहे, 120 पौंडांना मिळाला, उधळपट्टी नाही. शाकारणीचे 40 हजार सोमवारी पाठवतो. पावसाआधी कौलं बघून घ्या, माझी वाट बघू नका.

आता आपल्या बायोच्या लग्नाचं. रागावू नका. मेच्या 10 तारखेला इथे शाळा चालू असते. आठवडाभर बुडवली तर प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला 80 पौंड दंड, म्हणजे आमचे 320. प्रश्न पैशाचा नाही. म्हणजे, आहेही. मी एकटा येतो, पाच दिवस. लग्नाच्या हॉलचा निम्मा खर्च माझ्याकडे. तिला तूच सांग आई, मला फोनवर जमणार नाही.

बाबा, लाखेच्या कांड्या काढून ठेवा, लाल आणि पिवळी. फिरत्या लाकडावर कांडी टेकवली की लाख वितळून चढते, हे मुलांना खरंच वाटत नाही. त्या लाखेवर केवड्याचं पान कसं फिरवायचं तेही दाखवा, यावेळी मी बसेन.

तुमचा,
बाळा

ता. क. थोरली विचारते, भोवऱ्याला आर मधोमध कशी ठोकायची? तिचे दोन फुटले.