यात्रांच्या पत्रकात नागासाकी का नाही?

महोदय,

मुंबईहून परदेशी निघणाऱ्या ख्रिस्ती यात्रांविषयीचा मजकूर आपल्या अंकात वाचला. होली लँड, रोम, लूर्द, फातिमा सगळे त्यात आले. चर्चबाहेरच्या फलकावरही हीच पत्रके लागलेली असतात. ऑक्टोबर २०२३ नंतर युद्धामुळे जेरुसलेम-बेथलेहेमच्या यात्रा रखडल्या, तेव्हा लोक युरोपकडे वळले तर नवल नाही. लूर्दला जाऊन आलेले शेजारी पवित्र मारियेच्या आकाराच्या, निळ्या झाकणाच्या बाटलीतून झऱ्याचे पाणी आणून देतात आणि आम्हीही ते भक्तिभावाने घेतो. माझी तक्रार वेगळी आहे. नागासाकीचे नाव या पत्रकांत मला एकदाही दिसलेले नाही.

संत गोन्सालो गार्सिया वसईचे. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. भारतात जन्मून संतपद मिळालेले ते पहिले. त्यांच्या नावाचे कॉलेज वसईत आहे, त्यांचा सण आपण धूमधडाक्यात करतो. पण ते गेले कुठे आणि कसे, हे विचारले तर आमच्या निम्म्या तरुणांना सांगता येणार नाही. जपानी भाषा त्यांना उत्तम येत असे. फिलिपाइन्सहून आलेल्या फ्रान्सिस्कन संघाच्या धर्मगुरूंचे ते दुभाषी झाले, जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर प्रत्यक्ष उभे राहून बोलले. पुढे त्याच हिदेयोशीची मर्जी फिरली. क्योटोत या मंडळींच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, भर थंडीत जवळपास महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला नेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर क्रुसावर चढवून भाल्यांनी मारले. एकूण सव्वीस जण, त्यांतले वीस जपानी. सर्वांत लहान लुईस इबाराकी, अवघ्या बारा वर्षांचा. १८६२ साली पोप नववे पायस यांनी सगळ्यांना संत घोषित केले.

त्या टेकडीवर १९६२ पासून सव्वीस जणांचे ब्राँझचे स्मारक आहे. नागासाकी स्टेशनपासून पायी जाण्याइतके जवळ. पोप फ्रान्सिस नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे जाऊन आले. याच हुतात्म्यांच्या नावाने बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये १८६५ साली जवळच्या उराकामीचे गावकरी आले आणि आपणही ख्रिस्तीच आहोत, असे त्यांनी फादरांच्या कानात सांगितले. जपानात ख्रिस्ती धर्माला बंदी असताना अडीचशे वर्षे धर्मगुरूंवाचून, लपूनछपून या लोकांनी श्रद्धा जपली होती. ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबने उद्ध्वस्त झालेले आणि पुन्हा उभे राहिलेले उराकामीचे कॅथेड्रलही याच शहरात. एवढे सगळे एका गावात मिळत असताना यात्रेकरूला आणखी काय हवे?

जपान महाग, असे आयोजक म्हणतील. मग चेरीचा बहर पाहायला दादर-ठाण्याची मंडळी हौसेने जातात ती कशी? त्यांच्या सहलीत क्योटो असतेच आणि तिथूनच हुतात्म्यांची पायपीट सुरू झाली होती. पुढे फुकुओकामार्गे नागासाकी रेल्वेने गाठता येते. युरोपात रोज नवे हॉटेल आणि दिवसाला तीन चर्च, यापेक्षा ते सोपेच पडेल. (तीन चर्च पाहून झाल्यावर कुठले कुठले, हे फोटो पाहूनही आठवत नाही, हा भाग वेगळा.)

मुंबई आणि वसई धर्मप्रांतांनी मिळून फेब्रुवारीत अशी एक यात्रा काढावी. सोबत मराठी जाणणारे फादर असावेत आणि निशिझाकावर एक मिस्सा (चर्चमधला उपासनाविधी) मराठीत व्हावी. पैसे टप्प्याटप्प्याने भरायची सोय ठेवली, तर निवृत्त माणसांनाही नाव नोंदवता येईल.

— एक वाचक, बोरिवली (पश्चिम), मुंबई