गौरीसाठीचा तेरडा परसातच लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गौरी जवळ आल्या की बाजारात तेरड्याच्या जुड्या येतात. आमच्या कोकणात कित्येक घरी तेरड्याचीच गौर असते, म्हणून रोपे मुळासकट उपटली जातात, तीही ऐन फुलोऱ्यात, बी पिकण्याआधी. तेरडा एका पावसाचा जीव आहे. यंदाचे बी मातीत पडले तरच तो पुढच्या वर्षी उगवणार. पूर्वी डोंगरउतारांवर तो इतका असायचा की चार जुड्या नेल्याने काही बिघडत नसे. आता उतार जेसीबीने सपाट होताहेत आणि उरल्यासुरल्या बांधांवर तणनाशक मारले जाते. म्हणून गौरीपुरता तेरडा प्रत्येकाने आपल्या परसात किंवा कुंडीत लावावा आणि निम्मी रोपे बियांसाठी राखावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तेरड्याचे फूल एकदा जवळून पाहावे. मागे बारीक, वाकडी शेपटी असते, मध तिच्यात. मधासाठी माशी आत शिरली की वरचे परागकोश तिच्या पाठीला घासतात. परागकोशांची ही टोपी गळून पडल्यावरच खालचा स्त्रीकेसर उघडा होतो, त्यामुळे दुसऱ्या फुलावरचे पराग कुणीतरी आणून द्यावे लागतात. हे काम मधमाश्या आणि फुलपाखरे करतात, तिन्हीसांजेला हॉक मॉथ पतंगही येतात. याच पतंगांच्या काही जातींच्या अळ्या तेरड्याची पाने खातात. अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली अळी दिसली तर कृपा करून फवारणी करू नका, चार पाने गेली तरी रोप तगते.

परसातल्या काकडीची, दुधीची कोवळी फळे पिवळी पडून गळतात, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. परागीभवन न होणे हे त्याचे एक मोठे कारण असते. वेलांजवळ तेरडा असला की किडेमाश्यांची ये-जा वाढते.

नर्सरीत बहुधा डबल पाकळ्यांचा तेरडा मिळतो. दिसतो सुरेख, पण त्या दाटीत माशीला मधापर्यंत वाट सापडणे अवघड. एकेरी, रानातलाच तेरडा हवा. पहिल्या पावसानंतर बी मातीवर भुरभुरावे, वर जेमतेम मातीचा थर द्यावा आणि पाणी साचू देऊ नये. बोंडे फिकट पडून फुगली की बोट लागताच फुटतात, म्हणून मुठीत धरूनच खुडावीत. बी सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवावे. कासच्या पठारासारख्या राखीव जागेतून मात्र बी किंवा रोप आणू नये. शेजाऱ्याकडे किंवा गावच्या बांधावर ते सहज मिळते.

आपल्या दैनिकाने गौरीच्या पुरवणीत सजावटीच्या मजकुराबरोबर तेरड्याचे बी कसे राखावे याची चौकट छापली, तर हजारो घरांपर्यंत ही माहिती पोहोचेल.

— एक वाचक, रत्नागिरी